दहाव्या भागाची गाठ

हेंगदियान, ४ मार्च

ती. सूपिंगताईस,
सा. न. वि. वि.

कागदावरचं पत्र पाहून तू आधी घाबरशील, मग हसशील. मी धडधाकट आहे. कंपनीने आम्हा चार लेखकांना इथल्या चित्रपटनगरीतल्या एका हॉटेलच्या सहाव्या मजल्यावर आणून ठेवलंय आणि मोबाईल खाली कपाटात कुलूपबंद केलेत. मागच्या खेपेला कुणीतरी फोनवर बोलता बोलता अख्खी गोष्ट दुसऱ्या कंपनीला कळवली, म्हणून हा बंदोबस्त. पत्रांना मात्र मनाई नाही. हल्ली कुणी पत्र लिहितं हेच आमच्या निर्मात्या छीउबाईंच्या डोक्यात आलेलं नाही.

मालिका मोबाईलवरचीच, ऐंशी भागांची, एकेक भाग दीड मिनिटाचा. पहिले दहा भाग फुकट, पुढचे पैसे भरून. म्हणजे दहाव्या भागाच्या शेवटी अशी गाठ मारायची, की बघणाऱ्याचं बोट आपोआप पुढच्या भागावर गेलं पाहिजे. छीउबाई मला विचारत होत्या, ही विद्या कुठे शिकलास. म्हटलं, यांगचौच्या चहाघरात, बाबांच्या खुर्चीखाली बसून. चाळीस वर्षं ते रोज गोष्ट नेमकी अडवून उठायचे आणि दुसऱ्या दिवशी चहाघर भरायचं.

आता एक गोष्ट फक्त तुझ्या कानावर घालतो. मालिकेतला सासरा, चहाचा व्यापारी, बोटीवरून नाहीसा होतो. प्रेत मिळत नाही. सून घरात त्याचा काळ्या चौकटीतला फोटो लावते. फोटोला जो नट बसणार होता तो तापाने पडला आणि दुपारपर्यंत चेहरा हवा होता. माझ्या पिशवीत बाबांचा चहाघरातला शेवटच्या दिवसाचा फोटो होता. मी तो दिला. त्यांनी हातातला पंखा पुसून टाकला आणि चौकट केली.

बाबांना सांगू नकोस. त्यांचं ऑपरेशन अठ्ठावीसलाच ना?

तुझा,
रुईलिन


यांगचौ, ९ मार्च

चि. रुईलिन यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी हसले नाही. फोटो दिलास तो दिलास, पण पुढचं केलंस का? तुमच्याच धंद्यातली रीत तूच मला सांगितली होतीस. जिवंत माणसाच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, की शूटिंग संपल्याबरोबर त्या माणसाच्या हाती शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट द्यायचं आणि फोटो त्याने स्वतः फाडायचा. मेल्याचं सोंग करणाऱ्या नटालासुद्धा पाकीट मिळतं म्हणालास. मग बाबांनीच काय घोडं मारलंय?

त्यांची तब्येत तू जानेवारीत पाहिलीस तशी राहिलेली नाही. दोन जिने चढताना चार वेळा थांबतात आणि थांबले की खिडकीबाहेर काहीतरी बघत असल्याचं दाखवतात. आडवं झालं की श्वास कोंडतो, म्हणून आठ दिवस खुर्चीतच झोपतायत. नानजिंगच्या डॉक्टरांनी सांगितलंय, की हृदयाची झडप इतकी आवळली आहे की एप्रिल उलटू देऊ नका. मोठ्या मिनतवारीने ते अठ्ठावीस तारखेला तयार झालेत. वर अट घातली, की आदल्या दिवशी चहाघरातल्या आपल्या हौकाकांबरोबर पोटभर मोमो खाऊ द्यायचे. हौकाका म्हणाले, मेलास तर तुझ्या वाटचे मी खाईन. दोघं खोकत खोकत हसत होते.

मालिका इथे दिसायला लागली आहे. हौकाकांची नात बघते. मी चार भाग पाहिले. तुझी नायिका प्रत्येक भागात एक थप्पड खाते, तिचे गाल कसे शाबूत राहिले याचंच मला नवल. फोटो अजून आला नाही. येण्याआधी काहीतरी कर.

तुझी,
ताई


हेंगदियान, १४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोटो आला असेल. दहाव्या भागाच्या शेवटी सून उदबत्ती लावते, वळते, आणि फोटोतल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळतं. तिथे भाग संपतो. संगणकावर केलेलं पाणी आहे, पण मी स्वतः पाहिलं तेव्हा मान फिरवली.

ताई, ही गाठ माझ्या आजवरच्या सगळ्या गाठींपेक्षा घट्ट बसली. लोक पडद्यावरच ओळींवर ओळी लिहितायत. म्हातारा जिवंत आहे. म्हातारा मेला, हे भूत आहे. मी बासष्टाव्या भागात तो मिठाच्या बोटीवर जिवंत सापडतो असं लिहून ठेवलं होतं. छीउबाईंनी ती पानं काढून घेतली. म्हणाल्या, लोक ज्यासाठी थांबलेत तेच देऊन टाकलं तर ते थांबतील कशाला. तो मेला असंही लिहायचं नाही, जिवंत आहे असंही नाही. ऐंशी भाग असेच, आणि मग पुढच्या ऐंशींची तयारी.

फोटो फाडण्याचं विचारलं. तो आता मालिकेचा जीव आहे, त्याला हात लावायचा नाही असं उत्तर मिळालं. तो कपाटात आमच्या मोबाईलशेजारी ठेवलाय. लाल पाकीट माझ्याकडे दिलं होतं. बाबांना काय म्हणून देऊ, या विचारात ते माझ्या उशीखालीच आहे.

रुईलिन


यांगचौ, १८ मार्च

चि. रुईलिन यास,
आशीर्वाद.

बाबांना कळलं. शनिवारी सकाळी चहाघरात. हौकाकांनी चष्मा कपाळावर चढवून नातीचा मोबाईल त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाले, अरे तोंग, तुला उदबत्ती लागली आणि आम्हाला जेवणाचं आमंत्रणसुद्धा नाही? सगळं चहाघर हसलं. बाबाही हसले. त्यांनी तो भाग तीनदा पाहिला आणि शेवटच्या वेळी टेबलावर बोटाने ताल धरला. घरी येताना मला म्हणाले, पोराने गाठ सुंदर मारली आहे.

मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवसापासून ते सगळे भाग ओळीने बघू लागले. चाळीस झाले, पन्नास झाले. काल मोबाईल पालथा ठेवला आणि शांतपणे म्हणाले, की नानजिंगला कळवून टाक, मी अठ्ठावीसला येत नाही.

रागावले असते तर मी समजूत घातली असती. ते रागावलेले नाहीत. त्यांचं म्हणणं त्यांनी तुला स्वतः लिहिलंय, सोबत पाठवते आहे. मी उघडलं नाही.

गल्लीतल्या बायका हल्ली बाबा समोरून आले की पिशवीत काहीतरी शोधू लागतात. तुझ्या हॉटेलवर चार वेळा फोन केला. खालची मुलगी दर वेळी म्हणते, की या नावाचं इथे कुणी राहत नाही.

ताई


यांगचौ, १८ मार्च

चि. रुईलिन यास,
बापाचे आशीर्वाद.

फोटो न विचारता घेतलास. कामाची घाई मला कळते. चहाघरात गिऱ्हाईक बसलेलं असताना मीही तुझ्या आजोबांच्या लकबी त्यांना न विचारता वापरल्या आहेत. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं धंद्याबद्दल आहे. मी रोज गाठ मारून उठायचो, हे तू शिकलास. वर्षअखेरीला, पडदा खाली घेण्याआधी, मी वर्षभराची प्रत्येक गाठ सोडवायचो, तेव्हा तू गावी आजीकडे असायचास. ते तुला शिकवायचं राहिलं, हा दोष माझा. गोष्टीतल्या माणसाला मारायचं तर मारावं, रडून घ्यावं, पुरावं. जगवायचं तर घरी आणून जेवायला वाढावं. उदबत्ती लावून दारात उभं करून ठेवू नये. माझ्या गुरूंनी एका सरदाराला असं अर्धवट सोडलं आणि ते आजारी पडले. शेवटचे तीन महिने ते त्या सरदाराचेच संवाद बोलत होते. मी पाय चेपायला बसायचो, मला ओळखत नसत.

मी आता असा दारात उभा आहे. या अवस्थेत मी त्या टेबलावर आडवा होणार नाही. भूल दिल्यावर माणूस कुणीकडे जाईल ते आधी ठरलेलं असावं. तू ठरव. मारलंस तरी चालेल, मी वाईट वाटून घेणार नाही. मग मी सूपिंग सांगेल त्या तारखेला जाईन.

सुनेच्या तोंडी भाषणं फार आहेत. निम्मी काप.

तोंग शौछिंग


हेंगदियान, २३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र घेऊन छीउबाईंकडे गेलो. म्हटलं, एक भाग द्या, फक्त दीड मिनिट. मारतो किंवा जगवतो, आणि माझा बाप ऑपरेशनला जातो. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. वाटलं, त्यांना पाझर फुटला. पण त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, फोटोतला माणूस म्हणजे तुझा कथेकरी बाप, हे तू आजवर दडवलंस कसं? त्यांना इथे आण. त्यांची गोष्ट त्यांनाच संपवू दे. छिंगमिंगला, सगळा देश पितरांच्या कबरी झाडत असताना, हा भाग सोडू.

ताई, बाईंनी दिलेला शब्द मी आजवर तीनदा मोडलेला पाहिलाय. त्यांनी आपल्या पत्त्यावर पत्र आणि तिकीट धाडलं आहे. ते बाबांच्या हाती पडू देऊ नकोस. इथली हवा वाईट, स्टुडिओत जिने, दिव्यांचा उकाडा. मी दुसरा मार्ग काढतो. फक्त त्यांना पाठवू नकोस.

रुईलिन


यांगचौ, २७ मार्च

चि. रुईलिन यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र बाईंच्या पत्राच्या एक दिवस मागे पोचलं. बाबांनी दाढी केली, निळा झगा इस्त्रीला दिला. मी दारात आडवी उभी राहिले, तर म्हणाले, की सूपिंग, चाळीस वर्षांत मला कुणी आमंत्रण देऊन नेलेलं नाही, मीच दारोदार विचारत हिंडलो.

डॉक्टर फोनवर माझ्यावर ओरडले. नवीन तारीख चौदा एप्रिल, त्यानंतर ते जबाबदारी घेणार नाहीत. बाबांनी माझ्यासमोर कबूल केलंय, की गोष्ट संपली की नानजिंगला. हौकाका सोबत येतायत. त्यांचा खोकला बाबांहून वाईट, पण चालतात तरी. गाडी बदलून सहा तासांचा प्रवास आहे. तू स्टेशनवर उभा राहा, कुणाची परवानगी विचारत बसू नकोस. त्यांची नखं बघ. निळी दिसली तर तिथूनच परत पाठव.

ताई


हेंगदियान, २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा काम झालं. नखं निळीच होती. मी परत पाठवायचं बोललो, तर त्यांनी हात बाह्यांमध्ये ओढून घेतले आणि विचारलं, की तुमच्या इथे कथेकऱ्याला चहा कधी मिळतो, आधी की नंतर?

हौकाकांना खोकल्यामुळे बाहेर व्हरांड्यात बसवलं. बाबांनी कागद मागितला नाही. एका खुर्चीवर बसले, लाकडी ठोकळा एकदा आपटला आणि बोलायला लागले. व्यापारी सात वर्षांनी परत येतो. संध्याकाळी आपल्या घराच्या दाराशी उभा राहतो. फटीतून आत बघतो, तर समोर त्याचाच फोटो, उदबत्ती, आणि सून जेवायची दोन ताटं मांडते आहे. एक स्वतःचं, एक फोटोपुढचं. तो दारावर हात उचलतो. दिवे सांभाळणारी माणसं हातातलं काम विसरली होती. बाबांनी गोष्ट संपवली तेव्हा छीउबाई सगळ्यांत आधी टाळ्या वाजवत उठल्या.

बाबांना खूप थकवा आला, पण चेहरा लहान मुलासारखा झाला होता. म्हणाले, सुटलो रे, आता कुठेही झोपवा. काल त्यांना हौकाकांबरोबर गाडीत बसवून दिलं. मला पुढच्या भागांसाठी ठेवून घेतलंय. छिंगमिंगला बघ.

रुईलिन


नानजिंग, ११ एप्रिल

चि. रुईलिन यास,
आशीर्वाद.

हे पत्र तातडीच्या कुरियरने पाठवते आहे, उद्या तुझ्या हाती पडेल. उत्तर त्याच माणसाबरोबर परत पाठव.

छिंगमिंगच्या दिवशी मी तो भाग एकटीने पाहिला. व्यापारी दारावर हात उचलतो, आणि भाग संपतो. वर अक्षरं येतात, की पुढचे ऐंशी भाग लवकरच. बाबांचा चेहरा, उचललेला हात, आणि काळा पडदा.

त्या दिवशी आमच्या दारात कुणीतरी दोन संत्री आणि एक पांढरं फूल ठेवून गेलं होतं. बाबा उठण्याआधी मी ते उचललं. मोबाईल बिघडला असं त्यांना सांगितलं. नंतर सांगितलं, की पूर्ण भाग दाखवला, चहाघरात सगळे रडले. हौकाकांनी माझ्याकडे न बघता मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला काही थट्टा सुचली नाही.

परवा बाबांना इथे भरती केलं. शांत होते. आज सकाळी पेज भरवताना त्यांनी सहज विचारलं, की माझं शेवटचं वाक्य नीट ऐकू आलं का? श्वास कमी पडला होता, शब्द खाल्ले गेले असतील. मी म्हटलं, स्वच्छ ऐकू आलं. ते म्हणाले, मग म्हणून दाखव. मी म्हटलं, रडत होते, नेमके शब्द आठवत नाहीत, रुईलिनला विचारून सांगते. ते म्हणाले, विचार, तोवर मी थांबतो.

संमतीच्या कागदावर त्यांनी सही केलेली नाही. पेन उशीजवळ आहे. हौकाका तेव्हा स्टुडिओच्या व्हरांड्यात होते, त्यांना काही माहीत नाही. तू तिथे होतास. ते वाक्य मला जसंच्या तसं लिहून पाठव. एक शब्द इकडचा तिकडे नको.

ताई


हेंगदियान, १२ एप्रिल

ताई,

नमस्कार वगैरे लिहायला हात धजत नाही.

कुरियरचा माणूस खाली थांबलाय. मी वाक्य मागायला संकलकाच्या खोलीशी गेलो. दार उघडलं नाही. आतून सांगितलं, की हात उचलल्यावरचं चित्रीकरण ठेवलेलंच नाही, ते बाईंनी त्याच दिवशी काढून टाकायला लावलं. आवाज धरणाऱ्याला विचारलं. म्हणाला, हात उचलला तेव्हाच बाईंनी टाळी वाजवली, त्याने कानावरचं यंत्र काढून ठेवलं. दिवेवाल्यांना विचारलं. सगळे टाळ्या वाजवत होते. बाबांचे ओठ त्यानंतरही हलत होते, एवढं दोघांना आठवतं.

आणि मी. ताई, मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो. माझी नजर घड्याळावर होती. सेकंद मोजत होतो. हात उचलला तेव्हा ऐंशी झाले होते, आणि माझ्या मनात आलं, इथेच, इथेच तोडायला हवं. बाईंच्या टाळीच्या आधी आलं. सवयच तशी आहे. मग नव्वदपर्यंत मोजत राहिलो. वाक्य त्या दहा सेकंदांत होतं. मी ते ऐकलं नाही.

सकाळपासून सतरा वाक्यं लिहून फाडली. हे अठरावं:

त्याने दार वाजवलं नाही, नुसतं ढकललं, कारण घर त्याचंच होतं.

सांगताना त्यांच्याकडे बघू नकोस. ते ओळखतील.

रुईलिन


नानजिंग, १३ एप्रिल

चि. रुईलिन यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र दुपारी मिळालं. मी खिडकीकडे तोंड करून वाक्य म्हटलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, पुन्हा म्हण. पुन्हा म्हटलं. मग हसले. म्हणाले, वाक्य चांगलं आहे, कुणालातरी गाठ सोडवायला जमायला लागलं म्हणायचं. पण हे माझं नाही.

मग मला लपवता येईना. सगळं सांगितलं, काळा पडदा, टाळ्या, तुझं घड्याळ. वाटलं होतं ते कोसळतील. त्यांनी फक्त विचारलं, की म्हणजे एकानेही ऐकलं नाही? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, ज्या गोष्टीला ऐकणारा नाही ती सांगून झालेली नसते, ते वाक्य अजून माझ्याकडेच आहे. त्यांनी पेन माझ्या हातात परत दिलं.

मी पाया पडले, ओरडले, नर्सने मला बाहेर काढलं. वाक्य मला सांगा म्हटलं तर नकार दिला. माझ्यावर राग नाही म्हणतात. गाठ ज्याने मारली त्याच्यासमोरच ती सुटायला हवी. तू आलास, की तुला सांगतील, आणि तू पुढचा श्वास घेण्याआधी सही करतील, असा शब्द दिलाय. बाबांनी कथेच्या बाबतीत दिलेला शब्द कधी मोडलेला मला आठवत नाही.

डॉक्टरांनी उद्या दुपारी दोनपर्यंत टेबल राखून ठेवलंय. त्यानंतर दुसरा रुग्ण. आज संध्याकाळी बाबांचे ओठही नखांच्या रंगाचे झालेत आणि ते दोन वाक्यांच्या मध्ये थांबतात. हे पत्र सकाळी साडेसातला तुझ्या हॉटेलवर पोचेल असं कुरियरवाला म्हणतो. आठची गाडी मिळाली तर दीडपर्यंत इथे येशील. मोबाईल मागत बसू नकोस, राहू दे त्यांच्या कपाटात. खालच्या मुलीला सांग, या नावाचं इथे खरंच कुणी राहत नाही, आणि दार उघडून चालायला लाग.

इथे आलास की त्यांच्या खुर्चीशी खाली बस. ऐकायला ये, मोजायला नको.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे. या वेळी मी लोभ मागत नाही, तुला मागते.

तुझी,
ताई